पोट घरचं, जीभ जत्रेची



नवरात्र जवळ आलं की आमच्या फुलपाड्यात मुलांना शिकवणं फार अवघड होऊन बसतं. का, सांगू? आमच्या वर्गाच्या खिडकीतून जीवदानीचा डोंगर दिसतो. विरार स्टेशनच्या पूर्वेला हा डोंगर आहे आणि वर देवीचं मंदिर आहे. खाली पायथ्याला नवरात्रात दुकानं लागतात, पाळणे उभे राहतात. मी फळ्यावर भागाकार मांडत असते आणि माझ्या वर्गाचं निम्मं लक्ष त्या पाळण्यांकडे असतं! भागाकारात बाकी किती उरली हे कुणी सांगत नाही, पण पाळण्याला किती डबे लावलेत ते सगळ्यांना बरोबर ठाऊक असतं.

मग गेल्या वर्षी मी ठरवलं, की भागाकार जत्रेतच शिकवायचा.

तुम्ही यंदा कुठे ना कुठे जाणारच असाल. कुणी जत्रेला, कुणी खाद्यमहोत्सवाला, कुणी मोठ्या पाळण्यांच्या उद्यानात. तिथे काय खायचं, किती पैसे न्यायचे, डब्यात काय घ्यायचं, हे तुमच्या घरी कोण ठरवतं? आई-बाबा ठरवतात ना? पण ते तुम्हालाही ठरवता येईल, बरं का. आमच्या चौथीच्या बारा मुलांनी ते ठरवलं. त्यांची गोष्ट आज सांगते. नावं मात्र सांगणार नाही, नाहीतर सोमवारी सगळी माझ्या टेबलाभोवती भांडायला जमतील! आपण त्यांना त्यांच्या बाकांवरून ओळखू.

सुट्टीच्या दिवशी सकाळी जीवदानीला जायचं, दर्शन घ्यायचं आणि खाली उतरून जत्रा बघायची, असं ठरलं. बरोबर दोन मुलांच्या आया येणार होत्या. मी सहज विचारलं, "जत्रेत खायला कोण किती पैसे आणणार?"

झालं! खिडकीजवळचा उंच मुलगा म्हणाला, "पाचशे!" त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझे बाबा दोनशे देतील." कुणी शंभर म्हणालं, कुणी दीडशे. आकडे असे उडत होते, जणू लिलाव चालला होता. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, मी नाही येणार. माझं पोट दुखतंय."

जत्रा होती आठ दिवसांनी आणि हिचं पोट दुखत होतं आज!

मुलांनो, बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र तो पोटदुखीचा प्रकार चांगला ओळखीचा होता. कारण तो मला स्वतःला झालेला आहे.

मी पाचवीत होते. साल २०००-२००१ असेल. आमची सहल एका मोठ्या करमणूक-उद्यानात गेली होती. आईनं पहाटे उठून बटाट्याची भाजी आणि पोळ्या दिल्या होत्या, वर वीस रुपये दिले होते. वीस रुपये म्हणजे मला केवढे वाटले होते! पण दारातच कळलं, की घरचे डबे आत न्यायचे नाहीत. सगळे डबे बसमध्ये राहिले. आत गेल्यावर मला तहान लागली, म्हणून मी पहिल्याच दुकानात पंधरा रुपयांचं थंड पेय घेतलं. मग उरलेल्या पाच रुपयांत पुढे कुठेच काही मिळेना. मैत्रिणी खायला बसल्या, की मी म्हणायचे, "तुम्ही खा, माझं पोट दुखतंय." संध्याकाळी बसमध्ये डबा उघडला, तर भाजी आंबलेली! त्या दिवशी मी कोणकोणत्या पाळण्यात बसले ते आज मला एकही आठवत नाही. पण ते खोटं बोलणं आठवतं.

म्हणून मी फळा पुसला आणि वर्गाला म्हटलं, "थांबा. आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू."

चिठ्ठीतला आकडा

मी प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा दिला. त्यावर नाव लिहायचं नाही. घरी कुणाला अडचण न होता जेवढे पैसे मिळतील, तेवढाच आकडा लिहायचा आणि चिठ्ठी घडी करून खडूच्या खोक्यात टाकायची. कुणी कुणाच्या कागदात डोकावायचं नाही.

चिठ्ठ्या उघडल्या. सर्वांत मोठा आकडा होता ५०० आणि सर्वांत लहान होता ३०. मी फळ्यावर फक्त ३० लिहिला आणि म्हटलं, "हा आपला आकडा. सगळ्यांनी तीसच आणायचे. कमी नाही आणि जास्तही नाही."

"तीस!" खिडकीजवळचा जवळजवळ बाकावर चढलाच. "बाई, तीस रुपयांत काय येतं?"

प्रश्न अगदी योग्य होता, म्हणून तोच गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी मुलं भाव काढून आली. भेळेची बशी ४० रुपये. भाजलेलं कणीस २० रुपये. बर्फाचा गोळा १५ रुपये. मोठ्या पाळण्याचं तिकीट ६० रुपये. लहान चक्रीचं २० रुपये.

आता गणित करा. बारा मुलं, प्रत्येकी ३० रुपये. एकूण ३६० रुपये. मोठ्या पाळण्यात बाराही जण बसले तर ७२० रुपये लागतील, म्हणजे आपल्या सगळ्या पैशांच्या दुप्पट! तो गेला. प्रत्येकानं एक बशी भेळ घेतली तर ४८० रुपये. तीही गेली.

वर्गात शांतता पसरली. तेव्हा मी त्यांना दोन ठिकाणच्या गोष्टी सांगितल्या.

पहिली आपल्या वारीची. ज्येष्ठात आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते आणि जवळजवळ अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोचते. एवढी माणसं वाटेत जेवतात कशी? वारकरी दिंड्यांमधून चालतात. दिंडीत प्रत्येक जण ठरलेले पैसे आधी भरतो. त्याला भिशी म्हणतात. त्या पैशांतून शिधा भरला जातो, स्वयंपाकाचं सामान ट्रकमधून मुक्कामावर पुढे जातं आणि सगळ्यांची पंगत एकत्र बसते. भूक लागल्यावर 'आता काय करायचं' हा विचार तिथे नसतो, तो निघण्याआधीच झालेला असतो.

दुसरी गोष्ट फार लांबची. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एपकॉट नावाचं एक प्रचंड उद्यान आहे. ते १९८२ साली सुरू झालं. तिथे दर वर्षी मोठा खाद्यमहोत्सव भरतो. एका तळ्याच्या काठाकाठानं निरनिराळ्या देशांच्या पदार्थांची दुकानं मांडलेली असतात. गंमत अशी, की तिथे ताट भरून वाढत नाहीत, लहान लहान बश्या मिळतात. हुशार कुटुंबं काय करतात? प्रत्येक दुकानातून एकच बशी घेतात आणि सगळ्यांनी घास घास वाटून खातात. त्यामुळे चवी पुष्कळ मिळतात, पैसे कमी लागतात आणि पोटालाही जड होत नाही.

या दोन गोष्टी ऐकून दुसऱ्या बाकावरचा मुलगा एकदम म्हणाला, "बाई, मग भेळ आपणच करू या की! सामान घरून आणू!"

शाब्बास! गाडी रुळावर आली.

आमचा आराखडा

आम्ही एक नियम केला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला : 'पोट घरचं, जीभ जत्रेची.' म्हणजे भूक भागवायची ती घरच्या डब्यानं, आणि जत्रेत पैसे खर्च करायचे ते फक्त चवीसाठी आणि मौजेसाठी. भुकेल्या पोटानं जत्रेत शिरलात ना, की पहिल्याच दुकानात खिसा रिकामा होतो. माझा झाला होता तसा.

भेळ पंधरा माणसांची करायची होती. बारा मुलं, दोन आया आणि मी. एका माणसाला ३० ग्रॅम कुरमुरे धरले, तर पंधरा जणांना ४५० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा किलो. शेव-फरसाण प्रत्येकी २० ग्रॅम, एकूण ३०० ग्रॅम. भाजलेले शेंगदाणे प्रत्येकी १० ग्रॅम, एकूण १५० ग्रॅम. पाच मध्यम कांदे, पाच लिंबं, थोडी कोथिंबीर आणि चिंच-गुळाची चटणी. एकेकानं एकेक गोष्ट वाटून घेतली. ज्यांच्या वाट्याला खाण्याची वस्तू आली नाही, त्यांनी मोठं पातेलं, डाव, कागदी बश्या आणि कचऱ्याची पिशवी आणायची. तिसऱ्या बाकावरची हळूच म्हणाली, "माझी आई चिंचेची चटणी छान करते." पोटदुखी बहुधा थांबली होती.

उकडलेला बटाटा मात्र मी घेऊ दिला नाही. मुलं हिरमुसली, पण कारण ऐका. शिजवलेला ओलसर पदार्थ गरम हवेत जास्त वेळ ठेवू नये, तो खराब होऊ लागतो. आणि ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते आम्हा वसई-विरारकरांना विचारा! पहाटे भरलेला डबा अकरा वाजता उघडायचा, तर त्यात कोरडे पदार्थच हवेत. ओल्या खोबऱ्याची चटणी, दही, रस्सा, उकडलेला बटाटा यांना रजा. दशमी, मेथीचे ठेपले, भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळपापडीच्या वड्या यांना परवानगी. दशमी माहीत आहे ना? कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवून करतात ती. प्रवासात ती मऊ राहते आणि टिकते, म्हणून आपल्या आज्या प्रवासाला दशम्याच बांधून देत.

आमच्यात दोन मुलांचा आणि एका आईचा नवरात्राचा उपास होता. त्यांची व्यवस्था आधीच विचारून घेतली. त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि केळी. आणि शेवटच्या बाकावरच्या मुलानं आगाशीच्या मामाकडून सुकेळी आणली. सुकेळी म्हणजे आपल्या वसईकडची खास चीज! राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात. रंग मधासारखा, चव गोड आणि वजनाला हलकी. डोंगर चढताना खिशात टाकावी आणि एकेक चावत जावी.

मग पैशांचा हिशेब असा मांडला :

जमा : १२ × ३० = ३६० रुपये
लहान चक्री : १२ × २० = २४० रुपये
कणसं ४ (तिघांत एक) : ४ × २० = ८० रुपये
राखीव : ४० रुपये
एकूण : ३६० रुपये

"राखीव कशाला?" असं पहिल्या बाकावरून विचारणा झाली. मी म्हटलं, "ते आत्ता माहीत नाही, म्हणूनच राखीव." बरोबर आलेल्या आयांचा आणि माझा खर्च आमचा आम्ही करणार होतो. फुलपाड्याहून पायथ्यापर्यंत चालतच जायचं होतं, त्यामुळे गाडीभाडं शून्य.

प्रत्यक्ष काय घडलं

सकाळी सहाला निघालो. ऊन चढायच्या आत चढून जायचं होतं. जीवदानीच्या पायऱ्या तेराशेच्या वर आहेत. पहिल्या शंभर पायऱ्या मुलं पळत चढली. पुढच्या दोनशे चालत. त्यानंतर जो तो मला विचारू लागला, "बाई, अजून किती?"

आणि इथे माझं गणित चुकलं. होय, तुमच्या बाईंचं! मी प्रत्येकाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणायला सांगितली होती. खाण्याचा ग्रॅम ग्रॅम मोजला, पण चढताना घाम किती येतो ते धरलंच नाही. निम्म्या वाटेतच बहुतेक बाटल्या रिकाम्या झाल्या. वर पाणी मिळालं, पण गर्दीत रांग लावून बाटल्या भरण्यात बराच वेळ गेला. पहिल्या बाकावरच्या मुलीला तर चक्कर येऊ लागली. तिला सावलीत बसवलं. एका आईकडे साखर-मिठाची पुडी होती, तिचं पाणी करून घोट घोट पाजलं, तेव्हा तिला बरं वाटलं. हे पाणी तुम्हीही शिकून ठेवा. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मोजून घालायचं, अंदाजानं नाही. आणि यंदा आमच्या यादीत पहिली ओळ आहे : 'पाणी, प्रत्येकी एक लिटर.'

दर्शन घेऊन खाली आलो. सावली बघून डबे उघडले. तिसऱ्या बाकावरचीच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिच्या भाकरीचे बारा तुकडे कधी झाले ते तिलाही कळलं नाही. तिच्या वाट्याला मात्र चार घरचे ठेपले आणि दोन वड्या आल्या. नंतर पातेल्यात भेळ कालवली. भेळेचं एक तंत्र असतं. सगळं कोरडं आधी एकत्र करायचं आणि चटणी-लिंबू अगदी शेवटी, बश्या हातात आल्यावर. नाहीतर कुरमुरे मऊ पडतात. ती चिंच-गुळाची चटणी अशी काही झाली होती, की शेवटी पातेलं पुसायलाच भांडणं लागली. पोटं गच्च भरली आणि आम्ही जत्रेत शिरलो.

चक्रीत बसलो. २४० रुपये दिले. मग कणीसवाल्या मावशींकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "आज पंचवीस." गर्दीच्या दिवशी भाव चढले होते! चार कणसांचे ८० च्या ऐवजी १०० झाले. बाराही तोंडं माझ्याकडे वळली. मी काही बोलले नाही. पहिल्या बाकावरची हळूच म्हणाली, "राखीव!" चाळीसमधून वीस गेले. उरले वीस.

आणि तेवढ्यात खिडकीजवळच्या उंच मुलानं खिशातून दोनशेची नोट काढली.

"बाई, नियम मोडला मी," तो म्हणाला. "पण मला एकट्याला खायचं नाही. गोळा पंधरा रुपये आहे. बारा जणांचे १८० होतात. मी सगळ्यांना गोळा देतो!"

गणित बरोबर होतं आणि मनही मोठं होतं. ऊन तापलं होतं, लाल-हिरवे गोळे समोर दिसत होते. खरं सांगू? मलाही गोळा हवासा वाटला. अर्धी मुलं तर टाळ्याच वाजवायला लागली. मी म्हटलं, "नियम तुम्ही केलाय, तुम्हीच ठरवा."

तेव्हा तिसऱ्या बाकावरची बोलली. अगदी हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आज त्यानं दिला, तर पुढच्या वेळी आपल्याला द्यावा लागेल. मला नाही देता येणार."

कुणी काही बोललं नाही. गोळेवाल्याचा बर्फ किसण्याचा आवाज तेवढा येत होता. उंच मुलगा नोटेकडे बघत राहिला. मग त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली. तो थोडा रुसला, ते मी लपवत नाही. घरी परतेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी गोळाही घरीच करता येईल का? आमच्याकडे बर्फ किसायचं यंत्र आहे. सरबत बाकीच्यांनी आणायचं." म्हणजे एकानं बाकीच्यांना द्यायचं असं नाही, तर सगळ्यांनी मिळून करायचं! मी काही न शिकवता तो एवढं शिकला होता.

पाळण्यांच्या उद्यानात जाणार असाल तर

जत्रेत घरचा डबा चालतो. पण तिकीट काढून जायच्या मोठ्या उद्यानांचे नियम निरनिराळे असतात. म्हणून निघायच्या आधी मोठ्यांकडून फोन करून हे पाच प्रश्न विचारून घ्या :

१. घरचं खाणं आत नेता येतं का? नसेल, तर आजारी माणसासाठी किंवा लहान बाळासाठी सूट आहे का?
२. तिकिटात जेवण धरलं आहे का? धरलं असेल तर त्यात काय काय मिळतं?
३. पिण्याचं पाणी फुकट कुठे मिळतं? रिकामी बाटली आत नेता येते का?
४. जेवायला बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं का?
५. साधारण एका माणसाच्या जेवणाचा खर्च किती?

डबा आत चालत नसेल, तर दारात जायच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी पोटभर खाऊन घ्या. खायचे पैसे तिकिटाच्या पैशांपासून वेगळ्या पाकिटात ठेवा. आत गेल्यावर लगेच काही विकत घेऊ नका. आधी एक फेरी मारा, सगळे भाव बघा, मग ठरवा. पाकीटबंद वस्तूवर कमाल किंमत छापलेली असते, ती वाचायची सवय लावा. दुकानदार त्याहून जास्त मागत असेल, तर मोठ्यांना सांगा. ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो त्यांना लिहून ठेवायला सांगा.

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, मुलाला सहलीला पाठवताना आपल्याला वाटतं, त्याला कमी पडू नये. म्हणून आपण खिशात आणखी एक नोट सरकवतो. त्यात प्रेमच असतं. पण त्या नोटेमुळे शेजारच्या मुलाचं पोट दुखू लागतं, हे आपल्याला घरी बसून दिसत नाही. शाळेनं आकडा ठरवला असेल, तर तो पाळा. ठरवला नसेल, तर बाईंना किंवा सरांना ठरवायला सांगा. आणि हात आखडता असेल, तर मुलापासून लपवू नका. 'यंदा एवढेच देता येतील, त्यात काय काय बसवता येईल ते आपण मिळून बघू' असं सांगा. मुलांना हिशेब कळतो. कळत नाही ती आपली कुजबुज, आणि तिचीच त्यांना भीती वाटते.

तुम्ही करून पाहा

तुमच्या पुढच्या सहलीचा आराखडा वहीत मांडा. किती माणसं, किती पैसे, घरून काय न्यायचं, तिथे काय घ्यायचं, राखीव किती आणि पाणी किती. पाणी विसरू नका हं, बाईंसारखं!

आणि हे एक गणित सोडवा. आठ मुलं जत्रेला निघाली. प्रत्येकाकडे ४० रुपये. एकूण पैशांचा दहावा भाग राखीव ठेवायचा. उसाच्या रसाचा पेला १५ रुपये, तो प्रत्येकाला एकेक हवा. उरलेल्या पैशांत ४० रुपयांच्या भेळेच्या किती बश्या येतील? एका बशीत किती मुलं वाटेकरी होतील? शेवटी हातात किती उरेल? (उत्तर : ४ बश्या, एका बशीत दोघं, आणि ८ रुपये उरतील. राखीव ३२ धरून एकूण शिल्लक ४०. आधी स्वतः सोडवा, मग उत्तर बघा. बघितलं ना आधीच? मला ठाऊकच होतं!)

आता आमच्या त्या वीस रुपयांचं काय झालं, ते विचाराल. बारा मुलांत वीस रुपये वाटायचे कसे, यावर वर्गात बरीच चर्चा झाली. भागाकार करून पाहिला, नीट भाग जाईना. शेवटी मुलांनी ते खडूच्या खोक्यात, त्या चिठ्ठ्यांच्या जागी ठेवले आणि झाकणावर कागद चिकटवला : 'मागील शिल्लक २० रुपये.' ही मुलं आता पाचवीत गेली. जाताना खोकं त्यांनी नव्या चौथीच्या हवाली केलं. त्यामुळे यंदाच्या चौथीचा हिशेब शून्यापासून सुरू होत नाही, वीसपासून होतो.

यंदाच्या चिठ्ठ्या मी अजून उघडलेल्या नाहीत. पुन्हा भेटूच.

तुमच्या,
बाई